पडून राहिलेली जुनी गाडी: मोजक्या पैशांत घेण्यापासून रस्त्यावर आणेपर्यंत

वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी बघायला गेलं की बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "इंजिन चालू आहे का?" माझ्या यादीत हा प्रश्न बराच खाली येतो. इंजिन उघडता येतं, बोअर करता येतं, रिंगा आणि बेअरिंग बदलता येतात, आणि हे काम करणारे हात आजही मिळतात. पण कुजलेला पत्रा, फुटलेली मागची काच, हेडलाइटची हरवलेली रिंग, दारावरची क्रोमची पट्टी, डॅशबोर्डमधलं मीटर या गोष्टी शोधण्यात महिने जातात, आणि सापडल्या तर विकणारा सांगेल ती किंमत मोजावी लागते. म्हणून हात आखडता असेल तर स्वस्त गाडीच्या मागे लागू नका, पूर्ण गाडीच्या मागे लागा. इंजिन जाम, पण पत्रा शाबूत आणि सगळे भाग जागच्या जागी, अशी गाडी चालू इंजिनाच्या कुजक्या गाडीपेक्षा शेवटी कितीतरी स्वस्त पडते.

पैसे आधी वाटून ठेवा

गाडी बघायला निघण्यापूर्वीच एकूण किती पैसे घालायची तयारी आहे तो आकडा कागदावर लिहा. त्यातला निम्म्यापेक्षा कमी भाग गाडीच्या किमतीला. साधारण पाचवा हिस्सा वेगळा काढायचा आणि त्याला हात लावायचा नाही, कारण गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल उघडल्यावर काय निघेल हे कुणीच आधी सांगू शकत नाही. उरलेल्या पैशांचा क्रम ठरलेला असावा: आधी ब्रेक, स्टेअरिंग, टायर, मग गाडीचा सांगाडा, मग पेट्रोलची लाइन आणि वायरिंग, मग इंजिन, आणि रंग, क्रोम, सीट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केल्यामुळेच अर्धवट राहिलेल्या गाड्या जास्त दिसतात. चकचकीत रंग लागतो, पैसे संपतात, आणि गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते.

वाहतुकीचा आणि हत्यारांचा खर्चही याच आकड्यात धरा. एक गोष्ट मात्र बघून घ्या: युरोपीय गाड्यांना बहुतेक मिलिमीटरचे पाने लागतात, अमेरिकी गाड्यांना इंचाचे, आणि १९५०च्या आधीच्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात, त्यांना पानेही वेगळे लागतात. चुकीच्या पान्याने गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल झालं की पाच मिनिटांचं काम दिवसभर पुरतं.

कोणती गाडी निवडावी

पहिलीच गाडी असेल तर भरपूर संख्येने बनलेली घ्या. फोक्सवॅगन बीटल २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या आणि शेवटची २००३ साली कारखान्यातून बाहेर पडली. मूळची मिनी १९५९ ते २००० अशी चार दशकं बनत होती. मॉरिस मायनर १९४८ पासून बनली, १६ लाखांहून जास्त. एमजी बी १९६२ ते १९८०. या गाड्यांच्या ब्रेक-किटपासून दाराच्या रबरापर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं बनतं. दुर्मिळ गाडीचं आकर्षण मी समजू शकतो, पण तिचा एक वॉटर पंप मिळेना म्हणून वर्ष वाया जाऊ शकतं. दुर्मिळ गाडी दुसऱ्या खेपेला घ्या.

पाहणी: आधी खालून, मग वरून

उजेडात आणि कोरड्या दिवशी जा. ओल्या रंगावर प्रत्येक गाडी सुंदर दिसते. सोबत टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जमिनीवर अंथरायला काहीतरी आणि मळले तरी चालतील असे कपडे एवढं पुरे.

सुरुवातीलाच हे लक्षात घ्या की ही गाडी वेगळ्या चॅसिसवर बसवलेली आहे की तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. लँड रोव्हरसारख्या गाडीला खाली जाड शिडीसारखी चॅसिस असते. ती भक्कम असेल तर वरचा पत्रा सवडीने करता येतो. मॉरिस मायनर, मिनी, किंवा १९३४ची सित्रोएन ट्रॅक्शन आव्हां यांच्यात दाराखालची सिल, तळाचा पत्रा आणि पुढचे-मागचे खांब मिळूनच गाडी उभी राहते. तिथे सिल कुजली म्हणजे नुसतं भोक पडत नाही, गाडीचा कणा वाकतो.

सिल कशी तपासायची ते नीट सांगतो, कारण सगळा व्यवहार बऱ्याचदा या हातभर पट्टीवर ठरतो. दार उघडा आणि गुडघ्यावर बसून सिलच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवा. तिथे पाणी निघून जायला छोटी छिद्रं ठेवलेली असतात. ती मातीने किंवा अंडरकोटिंगने बुजलेली असतील तर पाणी वर्षानुवर्षं आतच साचलं आहे असं समजा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर टोकटोक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. पुट्टी भरलेली असेल तिथे आवाज बसका, मेलेला येतो. तिथे चुंबक लावा. पकड अचानक ढिली पडली किंवा चुंबक घसरलं की रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. सिलचं मागचं टोक, जिथे मागच्या चाकाची कमान सुरू होते, तिथे मालकाची परवानगी घेऊन बोथट स्क्रूड्रायव्हर अंगठ्याने दाबा. भक्कम पत्रा दबत नाही. कुजलेला करकरतो आणि पापुद्रे सुटतात. मालक दाबूच देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

चुंबक सगळीकडे चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. जुन्या लँड रोव्हरचा बराचसा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, आणि १९५३पासूनच्या शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची.

आता दारांच्या फटी बघा. पुढचं दार आणि मागचा खांब यांच्यातली फट वर-खाली सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल, किंवा दार बंद करताना उचलावं लागत असेल, तर दार थोडं उघडून हाताने वर उचलून बघा. खडखडलं तर बिजागरीची पिन झिजली आहे, ते काम सोपं आहे. बिजागरी घट्ट आणि तरी फट वाकडी, म्हणजे बॉडी खचली आहे. जॅक लावल्यावर फट बदलत असेल तर नमस्कार करून निघा.

प्रत्येक मॉडेलची दुखरी नस वेगळी असते आणि ती आधी माहीत करून जायला हवी. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. सीट उचलून तिच्याखालचा तळ बघा, आणि दाराखालून जाणाऱ्या हीटरच्या पोकळ्या बघा. मिनीची मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारी लोखंडी चौकट, कुजते. मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकाजवळचा खालचा ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, ग्रीस न मिळाल्याने झिजतो आणि शेवटी चाक जागेवरच आडवं पडतं. एमजी बीची सिल बाहेरून नवी दिसली तरी आतली पट्टी जुनीच असू शकते. स्टेपनीचा खड्डा, बॅटरीचा ट्रे, विंडस्क्रीनच्या रबराखालची कड आणि पायाखालचं कार्पेट मात्र कोणत्याही गाडीत उचलून बघायचंच.

इंजिनाकडे आता या. डिपस्टिक काढा: तेलात पांढरट चिकट थर असेल तर पाणी मिसळलं आहे. रेडिएटरमध्ये तेलाची तवंग दिसली तरी शंका तीच. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या नटला पाना लावा आणि हलक्या हाताने फिरवून बघा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर किंमत कमी करायला कारण मिळालं, गाडी सोडायला नाही.

शेवटी कागद घेऊन गाडीभोवती फिरा आणि जे जे नाही ते लिहा: वायपरचे हात, दाराचे हँडल, आरसे, जॅक, हब कॅप, काच वर करायचं मशीन. या यादीची किंमत शोधल्याशिवाय बोली करू नका. सुटी करून खोक्यात भरलेली गाडी, "फक्त जोडायची राहिलीय" असं म्हणून विकायला असेल, तर मी तिच्यापासून लांब राहतो. दुसऱ्याने उघडलेल्या गाडीत कोणता बोल्ट कुठला आणि काय हरवलं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कागद

चॅसिसवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, घासून स्वच्छ करून वाचा आणि कागदावरच्या नंबराशी एकेक अंक जुळवा. इंजिन नंबर जुळत नसेल तर इंजिन बदललेलं असू शकतं. त्याची नोंद असेल तर चिंता नाही. चॅसिस नंबर जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. विकणारा आणि कागदावरचा मालक वेगळे असतील तर मधल्या प्रत्येक व्यवहाराचा पुरावा मागा. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत एक सोय आहे: ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे बऱ्याच कारखान्यांच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत आणि त्यावरून गाडी कधी, कोणत्या रंगात बनली याचं प्रमाणपत्र मिळतं.

गाडी घरी आली

पहिल्या दिवशी काहीही उघडू नका, धुऊही नका. फोटो काढा. वायरिंग, केबलांचे मार्ग, होज पाइपच्या क्लिपा, गालिच्याखालचे थर, बॉनेटच्या बिजागरीवरचे वॉशर, सगळं. मग उंदरांची घरटी आणि लेंड्या काढा, पण तोंडाला मास्क बांधून आणि आधी पाणी शिंपडून. कोरडी धूळ झाडू नका.

आणि एक नियम पाळा: गाडी कधीही पूर्ण उघडायची नाही. एका वेळी एकच यंत्रणा सुटी करायची, ती पूर्ण करून परत बसवायची, मगच पुढची. उत्साहाच्या भरात सगळी गाडी सुटी करणं फार सोपं असतं. पण तशा गाडीला जागा, पैसा आणि आठवण एकदमच लागते. एकेक यंत्रणा करत गेलात तर मधे सहा महिने थांबावं लागलं तरी गाडी गाडीच राहते. काढलेला प्रत्येक बोल्ट शक्यतो त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. उरलेले पिशवीत, चिठ्ठीसकट.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. लोखंडी स्टँड लावा, चाकांना अडण लावा, आणि अंग खाली घालण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा.

इंजिन जागं करणं

चावी फिरवून "बघू तरी सुरू होतंय का" असं करायचं नाही. कोरड्या बोअरमध्ये गंजाचा पातळ थर असतो आणि एका सेल्फमध्ये रिंगा तुटू शकतात.

सगळे प्लग काढा. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडा. जाम असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि काही दिवस तसंच मुरू द्या. हे मिश्रण पेट घेतं, म्हणून आसपास ठिणगी नको. मग क्रँकच्या नटला लांब पाना लावून आधी पुढे, मग मागे, असं थोडं थोडं हलवा. झटका नको. चिमूटभर हललं की पुन्हा तेल, पुन्हा वाट. गिअरमध्ये टाकून गाडी ओढणं हा उपाय नाही, त्यात पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरली की चारही स्ट्रोक पूर्ण झाले. मधे कुठे ठाम अडलं तर एखादा व्हाल्व्ह अडकला असू शकतो, तेव्हा टॅपेटचं कव्हर काढून बघा.

इंजिन मोकळं झालं की जुनं तेल काढा, सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खोलता येत असेल तर खोलून तळाचा गाळ पुसा, नवा फिल्टर आणि नवं तेल घाला. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टवर टॅपेट घासत फिरतो. त्याला जस्त आणि फॉस्फरसचं झेडडीडीपी हे द्रव्य भरपूर लागतं. आजच्या गाड्यांच्या तेलात कॅटलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं. म्हणून डब्यावर जुन्या गाड्यांसाठी असं लिहिलेलं २०डब्ल्यू-५० घ्या. गिअरबॉक्समध्येही तसंच: पितळी सिंक्रो रिंग असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ घाला, जीएल-५मधली गंधकाची द्रव्यं पितळ खाऊ शकतात.

प्लग बाहेर ठेवूनच आता सेल्फ मारा, थोडा थोडा वेळ, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत किंवा लाल दिवा विझेपर्यंत. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. सगळे सिलिंडर साधारण दहा टक्क्यांच्या फरकात असतील तर इंजिन उघडायची घाई करू नका. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हाल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. ही चाचणी करायला फारसा खर्च नाही आणि हजारोंचा चुकीचा खर्च वाचवते.

ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचं, कॅप काढा. आतले सीबी पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोकं, वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्यावर राखाडी थर बसतो आणि वीज पोचतच नाही. बारीक पॉलिश पेपर दोन पॉइंटांच्या मधून दोनदा ओढा, मग स्वच्छ पुठ्ठा ओढा. कॅम उंच टोकावर आणून फीलर गेजने फट बघा: बऱ्याच गाड्यांत ती ०.३५ ते ०.४० मिमी असते, प्लगची ०.६च्या आसपास, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. कंडेन्सर, रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी स्वस्त असतात, बदलून टाका. निळी आणि कडक ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी नको.

टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनाला दाखवूही नका. ते व्हार्निशसारखं वास मारतं आणि कार्बोरेटर चिकटवून टाकतं. पहिल्यांदा इंजिन चालवताना छोटा डबा वेगळा टांगून त्यातून ताजं पेट्रोल द्या. टाकी उतरवून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने आतून धुवा, मग पूर्ण वाळवा. टाकीला वेल्डिंगचा विचार करू नका. रिकामी टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते आणि फुटते. रबरी पाइप सगळे नवे, तेही इथेनॉल सहन करणारे. एसएई जे३० आर९ असा शिक्का असलेला पाइप चालतो. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला आतून विरघळवतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागतं. जुन्या गाड्यांना आग लागण्याचं हे मोठं कारण आहे. कार्बोरेटर एसयू असो, सोलेक्स असो की वेबर, उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो, आतली जेट फक्त हवेने साफ, तार खुपसायची नाही.

शिशाविना पेट्रोलची भीती मात्र थोडी अतिशयोक्त आहे. बिडाच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या व्हाल्व्ह सीट जोरात आणि सतत पळवल्यावर झिजतात हे खरं, पण निवांत फिरणाऱ्या गाडीत ते फार सावकाश होतं. हेड कधी उघडलंच तर कडक सीट बसवून घ्या. फक्त त्यासाठी हेड उघडू नका.

थंड ठेवण्याची यंत्रणाही इंजिन सुरू करण्याआधीच बघा. रेडिएटर आणि ब्लॉक उलट दिशेने पाणी सोडून धुवा, जोवर पाणी स्वच्छ येत नाही तोवर. ब्लॉकच्या बाजूला बसवलेले गोल पत्र्याचे प्लग आतून कुजतात, त्यांच्याखाली गंजाचा ओघळ दिसतो का पाहा. होज दाबून बघा: कडक किंवा पिलपिलीत, दोन्ही वाईट. पंख्याचा पट्टा नवा.

इंजिन सुरू झालं की पहिल्या मिनिटात फक्त ऑइल प्रेशरकडे बघा. निळा धूर सुरुवातीला येणारच, ओतलेलं तेल जळतंय. तो थांबेपर्यंत धीर धरा.

ब्रेक

इंजिन सुरू झालं म्हणून गाडी हलवायची नाही. आधी थांबायचं पाहा.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे इथे "चालतंय की" हे धोरण नाही. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, सगळे रबरी पाइप बदला किंवा नवी किट घाला. सिलिंडरच्या बोअरला खड्डे असतील तर किट पुरत नाही, सिलिंडरच नवा. रबरी पाइप बाहेरून ठीक दिसतो आणि आतून सुजलेला असतो: ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक तापतं. लोखंडी लाइन गंजल्या असतील तर तांबं-निकेल मिश्रणाच्या पाइपने बदला. वाकवायला सोपा आणि गंजत नाही.

ब्रेक ड्रम उघडताना आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. क्लचच्या धुळीलाही हाच नियम.

ब्रेक ऑइलबद्दल: डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलची असतात, हवेतलं पाणी शोषतात, दर दोन वर्षांनी बदलायची. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि इतर कशातही मिसळायचं नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या सित्रोएन डीएससारख्या गाड्यांत तर खनिज तेलाची यंत्रणा असते, त्याआधीच्या डीएसमध्ये वेगळ्या तेलाची. तिथे चुकीचं ऑइल गेलं की एकूण एक सील बाद.

टायरवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा. खोबणी कितीही खोल असली तरी दहा वर्षांवरचा टायर फक्त गाडी ढकलायला. चाक खोलताना नट हलत नसेल तर पान्यावर उभं राहण्याआधी बघा: १९७०च्या आसपासपर्यंतच्या अनेक क्रायस्लर, डॉज आणि प्लिमथ गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात.

किंगपिन, टायरॉडची टोकं, स्टेअरिंग बॉक्स आणि पाट्यांच्या बुशिंग याच वेळी तपासा. प्रत्येक ग्रीस निप्पल शोधून काढा आणि नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. हे बिनखर्चाचं आणि सर्वांत समाधानाचं काम आहे.

वायरिंग

बॅटरी जोडण्यापूर्वी दोन गोष्टी खात्रीने माहीत हव्यात. व्होल्ट किती: १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच बीटलना ६ व्होल्टची वीज आहे. आणि अर्थिंग कोणतं: १९६०च्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. उलटी जोडली की डायनॅमो आणि रेडिओ दोघांनाही धोका.

वायर बोटांत वाकवून बघा. आवरण तडकून तांबं दिसत असेल तर ती वायर बदला. पण पूर्ण वायरिंग लगेच नको. ब्रिटिश गाडी असेल तर रंग मदतीला येतात: तपकिरी थेट बॅटरीची, जांभळी फ्यूजमधून आलेली कायम चालू, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ. अनेक गाड्यांना जेमतेम दोन फ्यूज असतात, म्हणून बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच आणि एक मुख्य फ्यूज जोडाच. आणि वायरिंगला दोष देण्याआधी सगळे अर्थ सोडवून, पत्रा चमकेपर्यंत घासून परत आवळा. मंद दिवे, अर्धवट हलणारे वायपर, मरगळलेला सेल्फ: यातले बरेच आजार तिथेच बरे होतात.

पत्रा

गंजावर रंग मारला की गंज थांबत नाही, लपतो. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करा. बॉडीला साधारण ०.९ ते १.२ मिमी. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी पट्टी तात्पुरती जोडा, नाहीतर गाडी वाकलेल्या अवस्थेत जोडली जाईल आणि दार जन्मभर बसणार नाही. एका वेळी एकच बाजू. वेल्डरचा खर्च वाचवायचा असेल तर कार्पेट काढणं, रंग खरवडणं, पत्रा कापून आकार देणं हे स्वतः करा आणि फक्त वेल्डिंगला माणूस बोलवा. बॅटरी सुटी, टाकी खाली उतरवलेली, विझवायचं साधन हाताशी.

छोटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने गंज काढता येतो: भागाला ऋण टोक, बाजूला साध्या लोखंडाच्या तुकड्याला धन टोक. स्टेनलेस स्टील तिथे वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. काम मोकळ्या हवेत करा, कारण हायड्रोजन निघतो. वेल्डिंग झाल्यावर पोकळ भागांत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स सोडा आणि सिलखालची पाणी निघायची ती छिद्रं मोकळी ठेवा, ज्यांनी सुरुवातीला सगळी हकिगत सांगितली होती.

पहिल्या फेऱ्या, आणि मग देखणेपण

पहिली फेरी चालत परतता येईल एवढ्याच अंतराची. परतल्यावर चारही ड्रमवर हात जवळ नेऊन बघा, एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. चाकांचे नट पुन्हा आवळा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी कोणता डाग कुठे आहे त्यावरून गळती शोधता येते. हळूहळू अंतर वाढवा, आणि पाचशे किलोमीटरला तेल-फिल्टर पुन्हा बदला, कारण आतला जुना गाळ नवं तेल सोडवून आणतं. पेट्रोलचा पारदर्शक फिल्टरही या काळात वारंवार बघा.

एक सगळा मोसम गाडी अशी जुन्या रंगात चालवावी असं माझं ठाम मत आहे. त्यात दडलेल्या तक्रारी बाहेर येतात आणि नव्या रंगावर पाना घसरत नाही. शिवाय जुना रंग बऱ्याचदा मेलेला नसतो, नुसता ऑक्सिडाइझ झालेला असतो. कंपाउंडने एक कोपरा घासून बघा. मूळ रंग जितका वाचेल तितका वाचवा, तो गाडीला एकदाच मिळतो. घासायचंच असेल तर ओल्या कागदाने आणि मास्क लावून, जुन्या रंगात शिसं असतं.

लोखंडी बंपरचा क्रोम पाणी लावून अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने घासला की वरवरचा गंज निघून जातो. जस्ताच्या ओतीव भागांना, म्हणजे हँडल, बोधचिन्हं, लाइटच्या बैठकी यांना फोड आले असतील तर त्यांचं पुन्हा क्रोमिंग महाग आणि अवघड असतं. तिथे चांगला जुना भाग शोधणंच स्वस्त.

सीटची स्प्रिंग आणि चौकट वाचवता येते, वरचं कापड सहसा नाही. शिवण उसवताना प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि वरची दिशा लिहा आणि जुनं कापड टाकून देऊ नका. नवं कापड त्याच मापावर कापायचं असतं.